शांततेचं बटण

ट्राम कालव्यावरच्या पुलावर चढली तेव्हा होरियानं नवे हेडफोन डोक्यावर चढवले आणि उजव्या कानावरचं बारकं बटण अंगठ्यानं दाबलं. ट्रामची खडखड गेली. समोरच्या बाकावर दोन म्हाताऱ्या कुठल्यातरी तिसरीला नावं ठेवत होत्या, त्यांची तोंडं तेवढी हलत राहिली. दारांचा उसासा गेला, मागच्या माणसाचा खोकला गेला, वळणावर चाकं रुळांना घासतात तो दात आंबवणारा आवाज गेला. ओल्या फडक्यानं फळा पुसावा तसं अख्खं तिमिश्वारा शहर पुसलं गेलं. खोक्यावर छापलं होतं अगदी तसंच. तो मनातल्या मनात बनवणाऱ्यांची पाठ थोपटणार, एवढ्यात त्या पुसलेल्या फळ्यावर एक रेघ राहून गेल्यासारखी त्याला ती ऐकू आली. शिट्टी. केसासारखी बारीक, सरळ, न थांबणारी. त्यानं बटण पुन्हा दाबलं. ट्राम परत आली, म्हाताऱ्या परत आल्या, शिट्टी गेली. परत दाबलं, शिट्टी. कारखान्याचा थांबा येईपर्यंत तो हेच करत राहिला. मग हेडफोन काढून त्यानं मांडीवर ठेवले आणि हुशार पोराच्या उत्तरपत्रिकेत चूक सापडल्यावर मास्तर हसतो तसा हसला. सापडली. यंत्रात दोष होता.

यंत्रात दोष असणं ही होरियाच्या लेखी वाईट बातमी नव्हती. दोष म्हणजे पत्ता. पत्ता मिळाला की माणूस जाऊन दार ठोठावू शकतो. गाड्यांच्या चालकापुढचे काटे आणि दिवे बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासणी विभागात होता, आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत त्याच्या हाताखालून न कळलेला दोष बाहेर गेला नव्हता, असं तो सांगे आणि लोक मान्य करत. घरीही तेच. मुलगी इलिंका शिकायला क्लुजला गेल्यापासून तिची खोली त्याची झाली होती, आणि या वर्षी तिथे जे जे आलं त्यातली एकही वस्तू त्यानं उगाच घेतली नव्हती. हातात धरून खेळायचा नवा कन्सोल घेतला, कारण जुन्याचा डावा खटका किंचित उशिरा दाद देत होता. जाड कळांचा, दाबल्यावर खट् वाजणारा कीबोर्ड घेतला. पुढे त्याचा खट् बोथट वाटायला लागला म्हणून कळा बदलून दुसऱ्या मागवल्या, आणि त्याही बोथट निघाल्या तेव्हा हल्लीचा मालच तसा म्हणून सोडून दिलं. जमीन झाडत फिरणारं गोल यंत्र आणलं, त्याला बायको स्मारांदा ‘जावई’ म्हणायची. “जावई सोफ्याखाली अडकलेत, काढा त्यांना,” असं ती दुकानातून आल्या आल्या सांगे. ती औषधांच्या दुकानात होती, दिवसभर उभी असायची, आणि जावई तिला मनापासून आवडत नव्हता, कारण तो काम कमी आणि दौरा जास्त करायचा. होरिया जावयाला काढायचा, त्याचे ब्रश पुसायचा, त्याला नवा नकाशा शिकवायचा. वस्तूंवर तो माया करत नव्हता. त्यांना तो नीट वागवत होता, आणि त्याला वाटे, माया याहून वेगळी काय असते.

हेडफोनही त्यानं कारणाशिवाय घेतले नव्हते. दर गुरुवारी, जेवणं आटपल्यावर, तो आणि शाळेपासूनचा मित्र तिबेरियू आणखी दोघांना घेऊन एक गेम खेळत. पडकं शहर, चार जणांची टोळी, आणि भिंतींपलीकडे कुठेतरी दुसरी चार जणांची टोळी. तिबेरियू दातांचा डॉक्टर. तो बेधडक घुसायचा आणि पहिल्यांदा मरायचा. होरिया मरत नसे, कारण तो ऐकायचा. वरच्या मजल्यावर कुणी फुटक्या काचेवर पाय ठेवला, जिन्याखाली कुणी बंदूक बदलली, की तो शांतपणे सांगायचा, डावीकडे, वर, एकटाच आहे; आणि तो तिथेच असायचा, एकटाच. टोळीत त्याचं नाव ‘उरेकिला’, म्हणजे मोठ्या कानांचा. हे बिरुद त्याला नोकरीतल्या हुद्द्यापेक्षा मोठं वाटायचं. पण उन्हाळ्यापासून काहीतरी बिनसलं होतं. पावलं उशिरा यायला लागली होती. कधी येतच नव्हती, आणि एकदम पाठीत गोळी. तिबेरियू म्हणाला, लेका, झोप लागली का? होरिया म्हणाला, हेडफोन जुने झाले. म्हणून नवे. आणि नव्यांत शिट्टी.

दुकानात काउंटरवरच्या बाईनं हेडफोन लावले, बटण दाबलं, डोळे मिटले, आणि काही नाही म्हणाली. होरियानं तिला नीट ऐकायला सांगितलं. तिनं नीट ऐकलं, आणि तरीही काही नाही म्हणाली. त्याला तिची कीव आली. सगळ्यांनाच कान नसतात. त्यानं ते परत केले आणि वर आणखी भर घालून दुसऱ्या बनावटीचे, जपानी, घेतले. बाहेर पडून फुटपाथवरच्या लिंडेनच्या झाडाखाली उभा राहिला, बटण दाबलं. पानं हलत होती आणि आवाज नव्हता. आणि त्या आवाज नसण्याच्या मधोमध, अगदी त्याच जागी, त्याच उंचीवर, तीच शिट्टी उभी होती.

ती उंची त्याच्या ओळखीची होती. चालता चालता त्याला ते आठवलं. शाळेत असताना तिबेरियूच्या घरी टीव्हीला जोडायचा एक संगणक होता, सगळ्या वस्तीत एकुलता एक, आणि त्यावर गेम चढायची ती कॅसेटवरून. टेप लावायची, आणि आधी एक लांबच लांब, एकसुरी, कडक सूर यायचा. मग किंचाळ्या सुरू, जणू कुणी पत्रा कापतोय. आणि हे सगळं न अडखळता पार पडलं तर पडद्यावर रंग उतरायचे. नव्या पोरांना ती किंचाळी सहन होत नसे, होरियाला ती कळायची. कुठे टेप चुरगळलीय, कुठे दुसरी आवृत्ती अर्धवट पुसून तिसरी भरलीय, गेम चढणार की शेवटच्या क्षणी दगा देणार, हे तो आधी सांगायचा. एकदा त्यानं तो संगणक घरी आणला होता, एका रविवारपुरता. आईनं कानांवर हात ठेवून शेजारीण गाठली. वडील मात्र खुर्ची ओढून जवळ बसले. ते मागावर काम करत, कापडगिरणीत. पन्नाशीच्या आत मागांनी त्यांचे कान खाल्ले होते. टेप किंचाळत होती, खिडकीची काच थरथरत होती, आणि वडील त्याच्याकडे बघून प्रेमानं हसत विचारत होते, “चालू झालं का रे?” होरियानं मान हलवली. मग वडिलांनीही मान हलवली. त्यांची ती मान तो विसरू शकला नव्हता. जेवताना, लग्नात, कुणी विनोद सांगितला की, कुणी गेल्याची बातमी आली की, सगळ्याला एकच मान, वर-खाली, समजूतदार. लोक हसले की एक क्षण उशिरा हसणं. पोरवयात होरियाला त्या एका क्षणाची भयंकर लाज वाटायची.

घरी येऊन त्यानं स्मारांदाला हेडफोन लावायला सांगितले. ती नुकतीच आली होती, पायांतून बूट काढून सोफ्यावर टेकली होती. हे काय आता नवीन, असा चेहरा करून तिनं ते लावले, त्यानं बटण दाबलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू खाली बसलं. खुणेनं त्यानं विचारलं, शिट्टी? तिनं मान नाही म्हणून हलवली. तो हात पुढे करून थांबला, पण तिनं ते काढले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून ती डोळे मिटून बसून राहिली. इतका वेळ की त्याला उगाच उठून खिडकी लावाविशी वाटली. मग तिनं हेडफोन काढले, त्याच्या हातात दिले, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “म्हणजे तू इथे असतोस तर.”

हे त्याला स्पष्ट ऐकू आलं. समोर बसून, तोंडाकडे बघताना, त्याला सगळं ऐकू येत असे.

आता दोष कुठे आहे हे त्याला कळलं होतं, आणि कळल्यावर न जाणं हे त्याच्या स्वभावात नव्हतं. कानाच्या डॉक्टरीणबाई, दोब्रिनबाई, यांचा दवाखाना ऑपेराच्या मागच्या गल्लीत होता. त्यांनी त्याला काचेची खिडकी असलेल्या एका कोंदट खोलीत बसवलं, कानांवर जाडजूड, जुनाट हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. एवढंच. होरिया खुर्चीत सावरून बसला. अंगठा बटणावर आला आणि खांदे आपोआप सैल झाले. हा तर खेळच होता. पहिले आवाज जाड होते, घुमणारे, पेवातून आल्यासारखे. ते त्यानं पटापट टिपले. मग आवाज बारीक होत गेले आणि एके ठिकाणी संपले. नुसती शिट्टी उरली, त्याची स्वतःची. तो वाट बघत राहिला. काचेपलीकडे दोब्रिनबाई त्यांच्या यंत्रावर वाकल्या होत्या, आणि तेवढ्यात त्याला दिसलं की कळ दाबताना त्यांचा उजवा खांदा जरासा, अगदी जरासा, खाली जातो. त्याच्या अंगठ्यानं विचारलं नाही. खांदा गेला, अंगठा गेला. पुन्हा. मध्ये त्या मुद्दाम थांबत होत्या, त्याला फसवायला. तो फसला नाही. तीस-पस्तीस वर्षं पडद्यावरच्या शत्रूच्या खांद्याकडे बघून तो कुठे उडी मारणार हे ओळखलेल्या माणसाला एका बाईचा खांदा किती अवघड? खेळ संपला तेव्हा तळहाताला घाम होता आणि आत तो जुना, उबदार, जिंकल्याचा पूर. दोब्रिनबाईंनी कागदावरच्या आलेखाकडे बराच वेळ पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुमच्या वयाच्या मानानं उत्तम. शिट्टीचं काय, हे त्यानं विचारलंच नाही.

कालव्याच्या काठाकाठानं तो चालत घरी आला. लोक बाकांवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होते, होड्या जात होत्या, आणि त्याला कितीतरी दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. हे खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं. पण ते ठाऊक असणं एका बाजूला, आणि कागद दुसऱ्या बाजूला, असे ते दोघं एकमेकांना त्रास न देता चालत होते. घरी येऊन त्यानं कागद फ्रिजवर चुंबकानं लावला. स्मारांदाला म्हणाला, बघ, कान ठणठणीत. ती कागदाशी उभी राहिली. औषधवाल्या बाईला असले आलेख वाचता येतात. तिनं तो वाचला, बोट फिरवून पुन्हा वाचला, आणि आत गेली. त्याला वाटलं, तिला आनंद व्हायला हवा होता.

त्या गुरुवारी टोळी त्याच्यामुळे मेली. तो म्हणाला होता, वर कुणी नाही; आणि वर चौघं होते. तिबेरियू चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो हळूच म्हणाला, जाऊ दे गड्या, पुढच्या वेळी मी नकाशावर खुणा करत जाईन, तू बघत जा. त्या आवाजात अशी काही मऊ गोष्ट होती की होरियानं मान हलवली; वर, खाली; आणि हलवता हलवता ती मान त्यानं ओळखली.

शनिवारी दुपारी तो बाजारातून लाल ढोबळ्या मिरच्यांची पोती घेऊन आला. झाकुस्का, म्हणजे भाजलेल्या मिरच्या-वांग्यांची हिवाळ्याची चटणी, घालायचे दिवस. जिन्यात खालपासून वरपर्यंत भाजलेल्या लाल मिरच्यांचा आणि वांग्यांचा वास कोंडला होता, प्रत्येक गॅलरीत कुणीतरी पत्र्यावर वाकलेलं. पोती दारात टेकवून तो आत गेला तर पलंगावर मोठी सुटकेस उघडी होती आणि स्मारांदा हिवाळ्यातले कपडे घड्या घालून त्यात रचत होती. त्यानं विचारलं, कुठे? ती म्हणाली, अरादला, ताईकडे. भावजींची गाडी उद्या जातेय, जड सामान पुढे पाठवते, मी एक तारखेला. तो म्हणाला, किती दिवस? तेव्हा तिचे हात थांबले. दुकानात एखादं गिऱ्हाईक तेच औषध दुसऱ्यांदा मागायला आलं की ती बघत असावी, तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं.

“होरिया, मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. “इथेच, ओट्यापाशी. ताईच्या शेजारचं दुकान आहे, प्रमुख म्हणून बोलावतायत, शनिवारपर्यंत कळवायचंय, जाऊ का म्हणून. तू म्हणालास, हं, छान.”

त्याला आठवलं. ती पाठमोरी होती, नळ चालू होता. त्याच्या हातात कन्सोल होता, पण खेळ थांबवलेला होता. हे त्याला अगदी नक्की आठवत होतं, कारण थांबवल्याचं त्याला त्या वेळी स्वतःचं कौतुक वाटलं होतं. नळाच्या पाण्यातून ‘अराद’ आलं होतं, ‘ताई’ आली होती आणि ‘शनिवार’ आला होता. मधल्या जागा त्यानं भरल्या. चुरगळलेल्या टेपवरून सबंध गेम ओळखणाऱ्या माणसाला तीन शब्द पुष्कळ होतात: ताईनं शनिवारी जेवायला बोलावलंय. हं, छान. नंतर शनिवारी कुणी जेवायला गेलं नाही, आणि बेत बदलला असेल असं त्यानं धरून चाललं. त्या एका हुंकारावर त्याची बायको नोकरी बदलून, गाव बदलून बसली होती.

तो म्हणाला, मला ऐकू नव्हतं आलं. ती हसली नाही, चिडली नाही. मान वळवून तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे, दारातून दिसणाऱ्या फ्रिजकडे पाहिलं. “कान ठणठणीत आहेत ना तुझे?” तिनं विचारलं, आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

रविवारी भावजी आले, सुटकेस गेली. मिरच्या दारात तशाच राहिल्या. होरिया इलिंकाच्या खोलीत सगळ्या वस्तूंच्या मध्ये बसला होता, आणि त्याला भीती वाटत नव्हती. हे विचित्र होतं, पण भीती वाटत नव्हती. दोष अजून सापडायचा असतो तेव्हाचं ते स्वच्छ, सावध भान त्याला आलं होतं. फक्त या खेपेला तपासणाराच खोटी नोंद करून बसला होता. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर होरियानं त्याला दाराबाहेर काढलं असतं. सोमवारी सकाळी रजा टाकून तो ऑपेराच्या मागच्या गल्लीत गेला आणि दोब्रिनबाईंना म्हणाला, पुन्हा तपासा. पण या वेळी खुर्ची फिरवून बसवा, माझं तोंड भिंतीकडे.

त्यांनी चष्मा वर केला. “मी वाट बघत होते,” त्या म्हणाल्या. “तुमचे कान माझ्याहून चांगले निघाले होते, साहेब. मीच यंत्र दुरुस्तीला धाडणार होते.”

मग त्या क्षणी का नाही बोललात, असं त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, लोक दोन कारणांनी येतात, काहींना ऐकायचं असतं, काहींना कागद हवा असतो. कोण कशाला आलंय ते माझ्या यंत्रावर दिसत नाही. आणि त्यांनी त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली.

भिंत करडी होती, तिला भोकं होती. आवाज आले, तोवर त्यानं दाबले. मग ते आले नाहीत. बटण हातात होतं, अंगठा त्यावर होता, आणि समोर कुठलाच खांदा नव्हता. इतका रिकामा तो आयुष्यात कधी बसला नव्हता. पडद्याशिवाय, शत्रूशिवाय, पुढच्या क्षणी काय येणार याच्या अंदाजाशिवाय. अंदाज करायचा नाही एवढंच त्यानं ठरवलं होतं आणि ते गोळीपुढे उभं राहण्याहून कठीण होतं. अंगठा दोनदा स्वतःहून उचलला गेला. दोनदा त्यानं तो थांबवला. न ऐकलेल्या आवाजांच्या जागा तो नुसत्या जाऊ देत राहिला, एकामागून एक, आणि हळूहळू त्याला कळत गेलं की त्या किती आहेत. बाहेर आल्यावर दोब्रिनबाईंनी नवा आलेख दाखवला. रेघ मधपर्यंत शहाण्यासारखी चालली होती आणि मग कड्यावरून खाली गेली होती. बारीक आवाज गेलेत, त्या म्हणाल्या. स, श, फ. पक्षी. फुटक्या काचेवरचे पाय. म्हणजे हे त्यांनी नाही सांगितलं, ते त्यानं मनात जोडलं. शिट्टी त्याच जागेची, जिथलं ऐकू येत नाही तिथे कान स्वतःच काहीतरी वाजवत बसतो. आणि पाठमोऱ्या बायकांचे आवाज, त्या म्हणाल्या, विशेषतः पाणी वाहत असेल तर.

घरी येऊन त्यानं फ्रिजवरचा कागद काढला आणि दुसरा लावला. स्मारांदा आल्यावर त्यानं तिला खांद्याची गोष्ट सांगितली, सगळी, जिंकल्याच्या आनंदासकट. ती खुर्चीवर बसली, कोट न काढता. मग तिला राग आला. त्यानं तो बऱ्याच दिवसांनी पाहिला आणि त्याला तो जवळजवळ आवडला. ती म्हणाली, वर्षभर मी या घरात भिंतीशी बोलत होते. मला वाटलं, याला मी नकोय, याला याचे डबे पुरतात. ताईपाशी रडले. आणि तू नुसता बहिरा होतास?

“नुसता नाही,” होरिया म्हणाला. “काही ऐकू आलं नाही, आणि काही ऐकू आलं तरी मी ऐकलं नाही. त्यातलं कुठलं कुठलं, हे मला सांगता येणार नाही. कुठलाच आलेख ते दाखवत नाही.”

नुसतं बहिरेपणाचं कारण दिलं असतं तर तिला क्षमा करणं सोपं गेलं असतं, हे त्याला दिसत होतं. पण खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायची एकदा सवय लागली की लागलीच. शेवटी ती उठली, कोट खुंटीला लावला आणि म्हणाली, मी शब्द दिलाय, जाणार. चांगली जागा आहे, मला हवी होती. सोमवार ते शुक्रवार. शनिवारी येईन. पुढचं पुढे. तो म्हणाला, बरं. आणि तिच्याकडे बघत म्हणाला, मान न हलवता.

ऐकण्याची यंत्रं त्यानं त्याच आठवड्यात घेतली. निवडताना त्याला लाज वाटेल अशी दोब्रिनबाईंची अपेक्षा असावी; त्या कातडीच्या रंगाची, लपणारी दाखवत होत्या. त्यानं सगळी खोकी उघडायला लावली, बॅटरी किती टिकते, मोबाइलला कशी जोडतात, आवाजाचे किती पट्टे वेगळे करता येतात हे विचारून त्यांना भंडावून सोडलं, आणि चकचकीत काळी उचलली. गेल्या कित्येक वर्षांत इतकी सुबक वस्तू त्यानं हातात घेतली नव्हती. मटाराएवढ्या जागेत दोन मायक्रोफोन! लिंडेनच्या झाडाखाली आला तर पानांनी त्याच्यावर आवाजाचा पाऊस पाडला. कागदी पिशवी म्हणजे वणवा पेटल्यासारखी. ट्राम वळली तेव्हा चाकांनी रूळ असे सोलले की त्याच्या दाढा आंबल्या, आणि तो एकटाच हसला. स्वतःच्या बुटांना आवाज आहे हे त्याला नव्यानं कळलं. त्याचा कीबोर्ड, बिचारा, पहिल्या दिवसापासून खणखणीत होता. गुरुवारी त्यानं टोळीला सांगितलं, सरळ, पहिल्याच वाक्यात. तिबेरियू म्हणाला, “म्हणजे विकतचे कान लावून खेळणार तू? लेका, ही तर लबाडी झाली.” आणि सगळे हसले, आणि होरिया बरोबर त्यांच्यासोबत हसला, एक क्षणही उशिरा नाही. त्या रात्री तो दोनदा चुकला आणि एकदा बरोबर आला. पुरेसं होतं.

तिच्या जाण्याआधीच्या रविवारी त्यांनी मिरच्या काढल्या. काही सुरकुतल्या होत्या. स्मारांदा म्हणाली, चालतील, भाजल्यावर सगळ्या सारख्याच. तो गॅलरीत पत्र्यावर भाजून काळ्या झालेल्या मिरच्या पातेल्यात टाकत होता, आणि ती आत ओट्यापाशी, त्याच्याकडे पाठ करून, त्यांची सालं काढत होती. नळाची बारीक धार चालू होती. तिची बोटं लाल झाली होती, मनगटानं ती केस मागे सारत होती. होरिया पातेलं घेऊन आत आला आणि दारातच थांबला. ती बोलत होती. त्याच्याशी नाही; अगदी खाली, ओठांतल्या ओठांत, सालं सोलायच्या लयीत. ही तिची सवय आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. केव्हा लागली असेल? बोलणं टाकता येत नाही, तेव्हा माणूस ते वळवतो, नदीसारखं. ती स्वतःशी बोलायला लागली होती. दुकानातल्या एका म्हाताऱ्याची हकिकत होती. तो दर आठवड्याला यायचा, रांगेत उभा राहायचा आणि खोकल्याच्या गोळ्यांचं एक पाकीट मागायचा, खोकला मात्र त्याला नव्हता. शुक्रवारी तिनं त्याला सांगितलं, आजोबा, पुढच्या आठवड्यापासून मी नाही इथे. तर तो पाकीट हातात घेऊन उभाच राहिला. रांग मागे खोळंबली. आणि मग तो म्हणाला...

इथे ती थांबली, कारण एक मिरची फाटली होती आणि बिया हाताला चिकटल्या होत्या. तिनं हात धारेखाली धरला. गोष्ट तिथेच राहिली असती. सांगणाऱ्याला शेवट ठाऊक होता आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

“मग?” होरिया म्हणाला.

तिचा हात धारेखाली तसाच राहिला. तिनं मान वळवून पाहिलं. पातेलं घेऊन दारात उभा असलेला नवरा, कानांमागे दोन काळे चकचकीत ठिपके, चेहऱ्याला काजळी. दोघांच्या मध्ये नळ वाहत होता. तिनं तो बंद केला नाही. पुन्हा पाठ फिरवून तिनं पुढची मिरची उचलली आणि आवाज जराही न चढवता पुढे सांगायला लागली.